‘झीरो’ टेप हाती आली तर: व्हॅन हेलनच्या १९७६ च्या डेमोची पारख कशी करायची

फाइलवर लिहिलेलं असतं ‘व्हॅन हेलन, झीरो, १९७६, मास्टरवरून’. आत दहा गाणी, आवाज खणखणीत, आणि सोबत एका ओळीची माहिती: ‘आजवरची सर्वोत्तम प्रत’. रॉक संगीताच्या चाहत्यांत अशी फाइल आली की दोन तट पडतात. एक गट म्हणतो, इतका स्वच्छ आवाज म्हणजे मूळ टेपच. दुसरा म्हणतो, हे कुणीतरी संगणकावर घासूनपुसून चकचकीत केलेलं आहे. दोघेही कानावर विसंबून बोलत असतात, म्हणून वाद मिटत नाही.

वाद मिटवायचा रस्ता आहे. टेप ज्या ज्या यंत्रातून गेली त्या प्रत्येकाने तिच्यावर खूण सोडलेली असते: विजेची गुणगुण, वेगातला फरक, खरखरीची पातळी, वरच्या पट्ट्यांतली झीज. या खुणा मोजता येतात. त्यासाठी महागडी साधनं लागत नाहीत. ऑडॅसिटीसारखं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, बरे हेडफोन आणि एक निवांत संध्याकाळ पुरते.

आधी हा डेमो, म्हणजे अल्बमआधीचं नमुन्यादाखलचं ध्वनिमुद्रण, कोणता ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

१९७६ मध्ये व्हॅन हेलन हा लॉस एंजेलिसच्या क्लबांत वाजवणारा, करार नसलेला बँड होता. गिटारवर एडी व्हॅन हेलन, ड्रम्सवर त्याचा भाऊ अ‍ॅलेक्स, बासवर मायकल अँथनी आणि गायला डेव्हिड ली रॉथ. किस या बँडच्या जीन सिमन्सने त्यांना स्टारवुड क्लबमध्ये ऐकलं आणि स्वतःच्या खर्चाने डेमो करून दिला. ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसच्या व्हिलेज रेकॉर्डरमध्ये झालं, पुढचं काम न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत. किसच्या व्यवस्थापनाने बँडमध्ये रस दाखवला नाही आणि टेप तशीच राहिली. तिच्या चोरट्या प्रती फिरू लागल्या, त्याच पुढे ‘झीरो’ म्हणून ओळखल्या गेल्या.

त्यानंतर १९७७ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचे टेड टेम्पलमन आणि मो ऑस्टिन यांनी बँडला स्टारवुडमध्येच ऐकलं आणि करार झाला. मग सनसेट साउंड स्टुडिओत टेम्पलमन आणि ध्वनिअभियंता डॉन लँडी यांनी सुमारे २५ गाण्यांचा दुसरा डेमो झपाट्याने ध्वनिमुद्रित केला. पहिला अल्बम फेब्रुवारी १९७८ मध्ये आला. म्हणजे डेमो दोन आहेत, स्टुडिओ वेगळे, निर्माते वेगळे, आणि ‘रनिन विथ द डेव्हिल’सारखी काही गाणी दोन्हीकडे आहेत. चोरट्या सीडींवर दोन्ही डेमो बिनदिक्कत एकत्र केलेले आढळतात. म्हणून फाइलमध्ये दहापेक्षा जास्त गाणी असतील तर पहिला प्रश्न हाच: यातली सिमन्सची कोणती आणि टेम्पलमनची कोणती?

सिमन्सच्या डेमोतली दहा गाणी अशी: ‘ऑन फायर’, ‘वुमन इन लव्ह’, ‘हाउस ऑफ पेन’, ‘रनिन विथ द डेव्हिल’, ‘शीज द वुमन’, ‘लेट्स गेट रॉकिन’, ‘बिग ट्रबल’, ‘समबडी गेट मी अ डॉक्टर’, ‘बेब डोन्ट लीव्ह मी अलोन’ आणि ‘पुट आउट द लाइट्स’. यातल्या ‘वुमन इन लव्ह’ला १९७९ च्या दुसऱ्या अल्बमवरच्या ‘विमेन इन लव्ह’चा कच्चा खर्डा समजू नका. नाव जवळपास सारखं, गाणं वेगळं. ‘हाउस ऑफ पेन’ १९८४ च्या अल्बमवर आलं, पण तोवर शब्द आणि बांधणी खूप बदलली होती. ‘शीज द वुमन’ २०१२ च्या अल्बमवर नव्याने वाजवलं गेलं. त्याच अल्बमवर ‘बिग ट्रबल’चं ‘बिग रिव्हर’ झालं, ‘लेट्स गेट रॉकिन’चं ‘आउटा स्पेस’ आणि ‘पुट आउट द लाइट्स’चं ‘बीट्स वर्किन’. ‘शीज द वुमन’च्या मधल्या भागाचं वाजवणं १९८१ मध्ये ‘मीन स्ट्रीट’मध्ये वापरून झालं होतं, म्हणून २०१२ च्या आवृत्तीत तो भाग नवा आहे. ही खूण हाताशी ठेवा. ‘शीज द वुमन’ म्हणून मिळालेल्या फाइलमध्ये मधोमध ‘मीन स्ट्रीट’ची आठवण होत असेल तर ते जुनं ध्वनिमुद्रण आहे. होत नसेल तर बहुधा २०१२ चंच गाणं आवाज खराब करून डेमो म्हणून खपवलंय.

आणखी एक खूण मोटारीच्या भोंग्यांची. बँडने गाड्यांचे भोंगे एका पेटीत बसवून, बॅटरीवर चालवून वाजवले होते. अल्बमवर ते ‘रनिन विथ द डेव्हिल’च्या सुरुवातीला येतात. सिमन्सच्या डेमोत ते ‘हाउस ऑफ पेन’शी जोडलेले आहेत.

सोलोखालीही कान द्या. सिमन्सच्या डेमोत एडीला एकावर एक थर चढवून गिटार वाजवावी लागली. आपल्याला याची सवय नव्हती, असं त्याने पुढे मुलाखतींत सांगितलं आहे. सोलो चालू असताना खाली दुसरी गिटार ताल धरून आहे का, हे ऐका. नुसतं यावर निकाल देऊ नका, कारण पहिल्या अल्बमवरही काही ठिकाणी थर आहेत, पण इतर खुणांना त्याने बळ येतं. तारखेसाठी मात्र ‘टॅपिंग (दोन्ही हातांच्या बोटांनी तारा पडद्यांवर आपटून वाजवणं) आहे की नाही’ हा निकष बाजूला ठेवा. एखाद्या गाण्यात एखादं तंत्र नाही म्हणून ते वादकाला येत नव्हतं असं ठरत नाही.

आता टेपकडे.

पिढी म्हणजे काय

स्टुडिओतली मूळ दोन ट्रॅकची टेप म्हणजे मास्टर. तिच्यावरून थेट केलेली कॅसेट ही पहिली पिढी. त्या कॅसेटवरून केलेली दुसरी. प्रत्येक पिढीला टेपची स्वतःची खरखर आधीच्या खरखरीत मिसळते. सारख्याच दोन खरखरी एकत्र आल्या की एकूण पातळी ३ डेसिबलने चढते, चार आल्या की ६ डेसिबलने. दोन प्रतींपैकी जुनी कोणती हे ठरवताना गाण्याआधीच्या शांत जागेतली पातळी मोजा, आधी दोन्ही प्रतींचा गाण्याचा आवाज समान करून. तीन-चार डेसिबलचा फरक म्हणजे मध्ये एखादी कॉपी जास्त झाली, असं धरायला हरकत नाही.

पण शांतता संशयास्पद शांत असेल तर? गाणं सुरू होण्याआधी अगदी निःशब्द आणि पहिल्या ठोक्याबरोबर खरखर उगवते, अशी प्रत कुणीतरी खरखर काढणाऱ्या प्रक्रियेतून नेलेली असते. झांजेचा आवाज विरताना ऐका. खरी टेप असेल तर झांज खरखरीत हळूहळू बुडते. साफ केलेल्या प्रतीत तिचं टोक पाण्यात बुडबुडे यावेत तसं लुकलुकतं आणि मग कापलं जातं. अशी प्रत ऐकायला सुखाची असू शकते, पण पारखण्याच्या कामाची उरत नाही, कारण ज्या खुणा मोजायच्या त्याच पुसल्या गेल्या. आमच्या मते ‘सुधारलेली’ प्रत फिरवणारा चाहता नकळत पुरावा नष्ट करत असतो. सुधारा, जरूर सुधारा, पण न सुधारलेली सोबत द्या.

वेग: खरी परीक्षा इथे आहे

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने धावायला हवी, पण घरगुती डेकमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक सहज असतो. एका डेकवर कॉपी केली, दुसऱ्यावर वाजवली, तिसऱ्यावर पुन्हा कॉपी केली, की फरक साठत जातो. वेग ३ टक्के जास्त झाला की सूर सुमारे ५१ सेंटने (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणजे अर्ध्या स्वरांतराच्याही निम्मा. ५.९५ टक्क्यांना पूर्ण अर्धस्वर. जुन्या ७८ च्या तबकड्या ऐकणाऱ्या मराठी संग्राहकांना हे नवीन नाही: तबकडी कमी-जास्त फिरली की काळी चारला गाणारा गायक पांढरी पाचला गेल्यासारखा वाटतो आणि पट्टीवरून वाद झडतात.

गिटारच्या टेपसाठी बहुतेक जण सोपा उपाय करतात. ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावतात, जवळचा सूर पाहतात आणि सगळं ४४० च्या मापात, म्हणजे ‘ए’ हा सूर ४४० हर्ट्झ धरणाऱ्या प्रमाण पट्टीत, बसवतात. व्हॅन हेलनच्या बाबतीत हा उपाय हमखास फसतो. हा बँड साधारण अर्धा स्वर उतरवून वाजवायचा, पण काटेकोर मापाने नाही, एकमेकांशी जुळवून. गाण्यागणिक थोडा चढ-उतार असायचा. जी पट्टी मुळात मापात नव्हती, तिला मापात बसवणं म्हणजे नवीन चूक करणं.

याहून भरवशाचं माप विजेचं आहे. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपल्याकडे आणि युरोपात ५०. अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, टेपमशीन या सगळ्यांतून विजेची बारीक गुणगुण ध्वनिमुद्रणात उतरते आणि सोबत तिच्या पटी येतात: १२०, १८०, २४०, ३०० हर्ट्झ. मूळ टेपवर गुणगुण ६० वर होती आणि तुमच्या प्रतीत ती ६१.८ वर दिसते, तर प्रत ३ टक्के जोरात धावते आहे. गायक, गिटार, ट्यूनर कुणालाच विचारायची गरज नाही.

मोजायचं कसं ते बारकाईने सांगतो. गाणं सुरू होण्याआधीची शांत जागा निवडा, कमीत कमी दोन सेकंदांची. काठ्यांची मोजणी किंवा अ‍ॅम्पची सळसळ चालू असली तरी चालेल, पण वाद्याचा सूर नको. ऑडॅसिटीत ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा आणि आकार ६५,५३६ ठेवा. फाइल सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची असेल तर आलेखातलं एक घर, म्हणजे दिसू शकणारा सर्वात लहान फरक, ०.६७ हर्ट्झचं पडतं. ६० वर मोजलं तर ही चूक एका टक्क्याहून मोठी, म्हणजे वेगाच्या फरकाइतकीच, म्हणून ६० वर मोजू नका. पाचव्या पटीवर, ३०० पाशी जा. तीच चूक आता पाव टक्क्याच्या आसपास येते. समजा तिथे शिखर ३०९ वर दिसलं. ३०० ला ३०९ ने भागा: ०.९७०९. म्हणजे वेग २.९१ टक्के कमी करायचा. बरेच जण ‘३ टक्के जास्त आहे, ३ टक्के कमी करू’ असा हिशेब करतात. लहान फरकात ही चूक खपून जाते, सहा टक्क्यांना मात्र सुमारे ६ सेंटचा फरक उरतो आणि तो ऐकू येतो. बदल करताना वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्यायच वापरा. फक्त सूर किंवा फक्त लय बदलणारा पर्याय निवडलात तर टेपची चूक दुरुस्त होत नाही, वर संगणकाची नवी चूक चढते.

इथे एक सापळा आहे आणि भलेभले त्यात अडकतात. बास गिटार अर्धा स्वर उतरवली की तिच्या तिसऱ्या तारेचा, म्हणजे एरवी ‘ए’ असणाऱ्या तारेचा, मोकळा सूर ५१.९ हर्ट्झवर येतो. त्याच तारेवर तिसऱ्या पडद्याला बोट ठेवलं की ६१.७. आकड्यांकडे पाहा. पहिला ‘युरोपातली ५० ची गुणगुण, चार टक्के जोरात’ असल्यासारखा दिसतो. दुसरा ‘अमेरिकेतली ६० ची, तीन टक्के जोरात’ असल्यासारखा. दोन्ही चक्क बासचे सूर. म्हणून गाणं चालू असताना मोजायचंच नाही. शिखर गुणगुणीचं असेल तर ते तीन वेगवेगळ्या शांत जागांत त्याच आकड्यावर सापडेल आणि त्याच्या पटीही त्याच प्रमाणात सरकलेल्या असतील.

एकाहून जास्त शिखरं दिसली तर घाबरू नका, उलट तिथेच गंमत आहे. समजा ३०० पाशी दोन शिखरं आहेत, एक नेमकं ३००.० वर आणि दुसरं ३०६ वर. पहिली गुणगुण टेप संगणकात उतरवताना अमेरिकेतल्या यंत्राने घातली, दुसरी टेपवर आधीपासून होती आणि ती टेप २ टक्के जोरात वाजली. दुरुस्ती दुसरीच्या हिशेबाने करायची, पहिलीच्या नाही. २५० च्या आसपास शिखर असेल तर साखळीतली एखादी कॉपी ५० आवर्तनांच्या देशात झाली आहे, मग ते लंडन असो, हँबर्ग असो की मुंबई. प्रतीवर ‘थेट स्टुडिओतल्या माणसाकडून’ असं लिहिलेलं असेल आणि आत ५० ची गुणगुण असेल, तर तो दावा संशयास्पद ठरतो.

वेग सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असा तीनदा मोजा. कॅसेटच्या एका बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटाला रिळांवरचा ताण वेगळा असतो, आणि थकलेल्या डेकमध्ये त्याने वेग सरकतो. तिन्ही आकडे वेगळे आले तर प्रत्येक गाण्याची दुरुस्ती स्वतंत्र करावी लागते. दहाही गाण्यांना एकच टक्केवारी लावलेली दिसली, तर करणाऱ्याने एकदाच मोजलं असणार.

वरचे स्वर कुठे गेले

झांजांची चमक नाही, गिटारची धार बोथट, असा आवाज असेल तर लगेच पिढ्यांना दोष देऊ नका. त्याची चार वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपायही वेगळे.

पहिलं कारण हेडचा कोन. हेड म्हणजे डेकमधला टेपवरचा आवाज वाचणारा भाग. त्याची फट टेपला काटकोनात हवी. ती किंचित तिरकी झाली तरी वरचे स्वर झपाट्याने मरतात. दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो ऐकलं की हा दोष चटकन कळतो: स्टीरिओत बरा वाटणारा आवाज मोनोत एकदम गढूळ होतो. ही चूक संगणकात उतरवताना झाली असेल तर मूळ कॅसेट पुन्हा वाजवून दुरुस्त होते. कॉपी करताना झाली असेल तर नाही.

दुसरं कारण डॉल्बी बी. ही खरखर कमी करण्याची पद्धत आहे, ध्वनिमुद्रण करताना वरचे स्वर उचलते आणि वाजवताना खाली आणते. डॉल्बी लावून केलेली टेप डॉल्बीशिवाय वाजवली तर आवाज चरचरीत येतो. डॉल्बी नसलेली टेप डॉल्बी लावून वाजवली तर मंद. चरचरीत प्रत ऐकून ‘काय धार आहे, मास्टरच’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.

तिसरं कारण दुहेरी डेकवरची जलद कॉपी. दुप्पट वेगाने कॉपी करताना ८ हजार हर्ट्झचा स्वर यंत्राला १६ हजारांचा म्हणून पेलावा लागतो, आणि स्वस्त डेक तिथे माघार घेतो.

चौथं कारण संगणकातलं. फ्लॅक ही काहीही न गमावणारी फाइल, पण आत काय भरलंय याची ती हमी देत नाही. एमपीथ्रीवरून बनवलेली फ्लॅक सर्रास सापडते. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणते स्वर किती आहेत हे दाखवणारं चित्र, काढा. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत १६ हजार हर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. टेप कधी अशी कापली जात नाही, ती उतारासारखी विरते. मात्र १६ हजारांची रेघ दिसली की एमपीथ्रीच, असंही नाही. ३२ हजार नमुन्यांच्या मंद गतीने चालवलेल्या डॅट (डिजिटल ध्वनिमुद्रणाच्या) टेपमध्येही तिथेच कात्री लागते, आणि एफएम प्रसारण १५ हजारांवर संपतं. उलट चौथ्या-पाचव्या पिढीच्या कॅसेटमध्ये १० हजारांच्या वर काही उरलेलंच नसतं, त्यामुळे एमपीथ्री करूनही रेघ दिसत नाही. तेव्हा स्पेक्ट्रोग्राम मोठा करून खरखरीचं पोत पाहा. खरी खरखर एकसारखी भुरभुरीत दिसते, एमपीथ्रीतून गेलेली चौकटी चौकटींनी भोकं पडल्यासारखी.

तेच वाजवणं की वेगळं

‘हा वेगळा टेक (त्याच गाण्याचं वेगळ्या वेळचं वाजवणं) आहे’ हे वाक्य या विषयात सगळ्यात जास्त आणि सगळ्यात सैलपणे वापरलं जातं. तपासायची पद्धत सोपी आहे. दोन्ही प्रतींत दहा ठळक ठोके शोधा: स्नेअर ड्रमचा पहिला ठोका, सोलोच्या आधीची झांज, शेवटचा आपट वगैरे. प्रत्येकाची वेळ मिलिसेकंदापर्यंत लिहा. समजा पहिल्या प्रतीत हे ठोके १२.०००, १००.००० आणि २०२.००० सेकंदांवर आहेत. दुसऱ्या प्रतीत ते १२.२४०, १०२.००० आणि २०६.०४० वर सापडले, तर सगळीकडे प्रमाण १.०२ चं आहे. तेच वाजवणं, फक्त टेप २ टक्के मंद. मधला ठोका १०२.६ वर आणि शेवटचा २०५.१ वर सापडला असता तर प्रमाण डगमगलं असतं. कुठलाही ड्रमर तेच गाणं दोनदा अगदी त्याच लयीत वाजवत नाही, त्यामुळे असं डगमगणं म्हणजे वेगळा टेक.

एकीची लहर उलटी करून दुसरीत मिळवायची आणि सगळं नाहीसं होतं का पाहायचं, ही पद्धत सीडीवरून सीडी तपासायला उत्तम. टेपवर चालत नाही. टेपचा वेग प्रत्येक क्षणी थोडा थरथरत असतो, त्यामुळे एकाच टेपच्या दोन कॉपीही एकमेकींना पूर्ण खोडत नाहीत. ‘खोडली गेली नाही, म्हणजे वेगळी’ हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा.

बनावट प्रतींत हल्ली दोन प्रकार आहेत. अल्बममधून गिटार, गाणं, ड्रम्स संगणकाने वेगळे करायचे, मग गाण्यावरचा प्रतिध्वनी काढून ‘कच्चा डेमो’ म्हणून द्यायचा. किंवा गिटारच्या व्हिडिओ खेळांतून काढलेले सुटे ट्रॅक ‘स्टुडिओतून मिळालेले’ म्हणून द्यायचे. पहिल्या अल्बमवर गिटार डावीकडे कोरडी आणि तिचा प्रतिध्वनी उजवीकडे अशी मांडणी आहे. ‘डेमो’मध्ये हुबेहूब तीच असेल तर आधी अल्बमशी ठोक्यांच्या वेळा जुळवून पाहा. दोन वाहिन्यांची अदलाबदलही तपासा, केबल उलटी जोडली गेली की डावं उजवीकडे जातं.

खरी टेपच हाती आली तर

अशा वेळी घाई नडते. चांगल्या डेकचं हेड आणि धातूचे मार्गदर्शक ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रबरी चाक ओलसर फडक्याने. कॅसेटच्या आतली स्पंजवरची दाबपट्टी पाहा. जुना गोंद सुकून ती गळालेली असते आणि मग आवाज येतो-जातो. कवच स्क्रूचं असेल तर टेप नव्या स्क्रूच्या कवचात हलवा. कवच चिकटवलेलं असेल तर जाणकाराकडे द्या. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत ठेवलेल्या कॅसेटच्या कडांवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नका, बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते.

मग हेडचा कोन. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. मोनो ऐकत, चुंबक नसलेल्या पेचकसाने तो थोडा थोडा फिरवा, पाव फेऱ्याच्या आत. झांजा सगळ्यात उजळ होतात तिथे थांबा. ही जुळणी प्रत्येक कॅसेटच्या प्रत्येक बाजूसाठी नव्याने करायची. डॉल्बी बंद ठेवा, सर्वात उंच शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास येईल अशी पातळी लावा, २४ बिट आणि ९६ हजार नमुन्यांवर उतरवा. गाण्याआधीची आणि नंतरची शांतता कापू नका. गुणगुण तिथेच आहे.

टेप रिळावरची असेल तर आधी टेपचा प्रकार पाहा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासूनच्या अँपेक्स ४०६ आणि ४५६ सारख्या टेपांचा बंध ओल शोषून चिकट होतो. वाजवली की टेप किंचाळते आणि तपकिरी थर हेडवर निघून येतो. तो थर म्हणजेच संगीत. अशी टेप सुमारे ५४ अंश सेल्सिअसवर काही तास कोरड्या उष्णतेत ठेवतात, मग तितकीच सावकाश थंड करतात आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरवून घेतात. हे काम गॅसच्या किंवा मायक्रोवेव्ह ओव्हनचं नाही आणि हौसेचंही नाही. रीळ उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल तर ती अ‍ॅसिटेटची जुनी टेप, तिला उष्णता द्यायचीच नाही. साध्या कॅसेटला या उपायाची गरज जवळजवळ कधीच पडत नाही.

मूळ टेप कुठे आहे हे माहीत असलं की सगळं किती सोपं होतं, याचं उदाहरण जिमी हेंड्रिक्सचं आहे. ज्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत ‘झीरो’चं काम झालं तो त्यानेच उभारलेला. १९७० मध्ये त्याने एकट्याने वाजवून केलेल्या ‘ब्लॅक गोल्ड’च्या कॅसेट ड्रमर मिच मिचेलकडे दिल्या आणि त्या पुढे सुमारे दोन दशकं त्याच्याकडेच राहिल्या. त्यातलं ‘सडनली नोव्हेंबर मॉर्निंग’ २०१० मध्ये अधिकृत संचात आलं. कोणाच्या हातून कोणाच्या हाती, ही साखळी तिथे ठाऊक आहे. ‘झीरो’च्या फिरत्या प्रतींना ती नसते, म्हणून सगळं ओझं मोजमापावर येतं.

टेप हाती असली तरी संगीताचे हक्क हाती येत नाहीत. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ नंतरच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे, आणि १९७६ चा डेमो त्यातच मोडतो. प्रती विकणं हा सरळ गुन्हा, आणि ज्यांनी ते वाजवलं त्यांच्यावर अन्याय.

शेवटचं काम लिहिण्याचं. प्रत्येक फाइलसोबत साधा मजकूर ठेवा: कॅसेटची कंपनी आणि प्रकार, कवचावर पेनाने काय लिहिलंय ते जसंच्या तसं, डेक, डॉल्बी चालू की बंद, संगणकात उतरवण्याचं यंत्र, नमुन्यांचा दर, आणि काहीही बदललं असेल तर नेमकं काय. गुणगुण कितीवर सापडली आणि किती टक्के दुरुस्ती केली तेही. फाइलींचे एमडी५ आकडे (फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेली ओळखखूण) काढून जोडा, म्हणजे पुढे कुणी काही बदललं तर कळेल. न बदललेली उतरवणी वेगळ्या फोल्डरमध्ये, दुरुस्त केलेली वेगळ्या. आणि टेप तुमच्यापर्यंत येण्याआधीची पहिली कडी माहीत नसेल तर त्या रकान्यात ‘मास्टर’ लिहू नका, ‘अज्ञात’ लिहा.